पेंटबॉलसाठी हवेची टाकी: ४८/३००० घ्यावी की ६८/४५००?

प्रश्न थोडक्यात असा आहे. ऐरोलीतले पाच मित्र रविवारी घोडबंदर रोडच्या बाजूला पेंटबॉल खेळायला जातात. भाड्याच्या गनला कंटाळून प्रत्येकाने जुनी टिपमन ९८ गन घेतली आहे आणि आता स्वतःच्या टाक्या घ्यायच्या आहेत, जुन्या मिळाल्या तरी चालतील. दुकानदार म्हणतो ४८/३००० ॲल्युमिनियमची पुरे. इंटरनेटवर बघावं तर जो तो ६८/४५०० कार्बन फायबर किंवा थेट ७७/४५०० घ्या म्हणतो. आणि शेवटी विचारलंय, ‘मोठीच घेतली तर एकदा भरून अख्खा दिवस निघेल ना?’

निघेलही आणि नाहीही. ते तुमच्या टाकीपेक्षा ती कुठे भरून मिळणार यावर जास्त ठरतं. मी याच पट्ट्यात एका मैदानावर गन आणि हवेची व्यवस्था सांभाळतो. आमच्याकडे येणाऱ्या नव्या खेळाडूंची गाडी नेमकी इथेच अडते. टाकी आधी घेतात आणि भरायची कुठे ते नंतर विचारतात. आकार हा शेवटचा प्रश्न आहे, त्याच्या आधी दोन-तीन गोष्टी पक्क्या कराव्या लागतात.

आधी आकडे समजून घेऊ. पहिला आकडा आतल्या जागेचा, घन इंचात. दुसरा दाबाचा, पीएसआयमध्ये, म्हणजे दर चौरस इंचाला किती पौंड. आपल्याकडे हवा भरून देणारे मात्र लिटर आणि बारमध्ये बोलतात. ४८ घन इंच म्हणजे सुमारे ०.७९ लिटर, ६८ म्हणजे १.११ लिटर, ७७ म्हणजे १.२६ लिटर. ३००० पीएसआय म्हणजे २०७ बार आणि ४५०० म्हणजे ३१० बार. जागेला दाबाने गुणलं की आत किती हवा बसते त्याचा अंदाज येतो. ४८/३००० मध्ये साधारण १६० लिटर मोकळी हवा, ६८/४५०० मध्ये कागदावर ३४५ लिटर. कागदावर एवढ्यासाठी म्हटलं की ३०० बारच्या आसपास हवा या सरळ गुणाकाराला जुमानत नाही, प्रत्यक्षात थोडी कमीच मावते.

पण ४५०० हा आकडा टाकीची कमाल मर्यादा सांगतो. तिच्यात तेवढा दाब असेल याची हमी तो देत नाही. सोसायटीच्या गच्चीवर टाकी कितीही मोठी बांधा, खालून पाणी जेवढ्या जोराने येईल तेवढीच ती भरते, तसंच हे आहे. भरणाऱ्याकडे २०० बारचं सिलिंडर असेल तर तुमची महागडी ४५०० ची टाकी २०० बारलाच थांबणार.

त्यामुळे पहिला फोन दुकानदाराला करू नका, मैदानवाल्याला करा. विचारायचं ते असं: ‘तुमच्याकडे किती बारपर्यंत भरून मिळतं? कॉम्प्रेसर आहे की मोठ्या सिलिंडरमधून देता? आणि दिवसाच्या शेवटी आलो तर किती मिळेल?’ तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर देताना समोरचा जरा चाचरला तर समजा की सिलिंडर आहे.

हे सिलिंडरचं प्रकरण नीट समजून घ्या, कारण तुम्ही पाच जण आहात. समजा मैदानावर १२ लिटरचं, २०० बारने भरलेलं, पाणबुडे वापरतात तसलं एकच सिलिंडर आहे. तुम्ही सगळे एक डाव खेळून परत आलात, प्रत्येकाच्या टाकीत ५० बार उरलेत. ४८ च्या टाक्या एकामागून एक लावल्या तर पहिल्याला साधारण १९१ बार मिळतात, दुसऱ्याला १८२, तिसऱ्याला १७४, चौथ्याला १६६ आणि पाचव्याला १५९. त्याच जागी सगळ्यांच्या टाक्या ६८ च्या असतील तर पहिल्याला १८७ आणि पाचव्याला जेमतेम १४६. टाकी मोठी म्हणजे ती त्या मोठ्या सिलिंडरमधून ओढतेही जास्त, मागच्याच्या वाट्याला कमी राहतं. तरी एकूण हवा बघितली तर १४६ बारवाली ६८ ही १५९ बारवाल्या ४८ पेक्षा जास्तच घेऊन जाते. म्हणजे मोठी टाकी वाया जात नाही, फक्त तुम्ही पैसे मोजलेत ते ४५०० तुमच्या हाती लागत नाहीत.

ज्यांची व्यवस्था चांगली असते ते तीन-चार मोठी सिलिंडरं जोडून ठेवतात. आधी सगळ्यात कमी दाबाच्या सिलिंडरमधून भरतात, मग त्याहून जास्त, आणि शेवटचा टेकू सगळ्यात भरलेल्या सिलिंडरचा. त्याने शेवटच्या माणसालाही चांगला दाब मिळतो. असं मैदान सापडलं तर ते सोडू नका.

३०० बार कुठे मिळतात? श्वसन उपकरणांसाठी हवा भरणाऱ्यांकडे. अग्निशमन दल आणि रासायनिक कारखाने पाठीवर जो संच घेतात त्याची सिलिंडरं बहुधा ३०० बारची असतात. ठाणे-बेलापूर पट्ट्यात, म्हणजे रबाळे, महापे, तुर्भे या बाजूला, कारखाने इतके आहेत की अशी भरणी करणारे शोधले तर सापडतात. ऐरोलीकरांना ते घोडबंदरपेक्षा जवळही पडतं. जाताना दोन गोष्टी विचारा: त्यांच्याकडे भरणीचा परवाना आहे का, आणि पेंटबॉलच्या टाकीची हवा भरायची निप्पल बसेल असा जोड त्यांच्याकडे आहे का. दुसरी गोष्ट बहुतेकांकडे नसते, तो जोड तुम्हालाच घ्यावा लागतो.

आणि दर वेळी कोणीतरी विचारतंच म्हणून सांगतो, टायरवाल्याकडे ही टाकी भरत नाही. त्याचा कॉम्प्रेसर १०-१२ बारचा असतो, आपल्याला २०० लागतात. वेल्डिंगवाल्याच्या ऑक्सिजनचं तर नावही काढू नका. उच्च दाबाच्या ऑक्सिजनला तेलाचा थेंब लागला तरी पेट घेतो, आणि आपल्या गनमध्ये तेल असतंच. औद्योगिक नायट्रोजन तांत्रिकदृष्ट्या चालतो. जुन्या काळी पेंटबॉलवाले नायट्रोजनच वापरायचे. पण त्याची उभी सिलिंडरं साधारण १५० बारची असतात, आणि बंद खोलीत गळती झाली तर माणसाला कळायच्या आत ऑक्सिजन कमी होतो. मी त्या वाटेला जात नाही.

आता गोळ्यांकडे येऊ. ढोबळ हिशेब असा चालतो की ३००० पीएसआयला दर घन इंचामागे दहा गोळ्या. म्हणजे ४८/३००० वर ४०० ते ५००, पूर्ण ४५०० ला भरलेल्या ६८ वर हजाराच्या आसपास, ७७ वर अकराशेच्या पुढेमागे. तीच ६८ तुम्ही २०० बारलाच भरली तर साडेसहाशेच्या घरात. हे सगळे ‘साधारण’ आहेत. गनची जात, ओ-रिंग (हवा अडवणाऱ्या रबरी कड्या) किती झिजल्यात, गोळीचा वेग कितीवर लावलाय, या सगळ्याने आकडा हलतो.

तुमच्या बाबतीत तो खालच्या बाजूला हलेल. टिपमन ९८ ब्लोबॅक पद्धतीची आहे. गोळी ढकलायला हवा लागते तशीच हातोडा मागे न्यायलाही लागते. बिचारी कधी रुसत नाही, चिखलात पडली तरी चालते, म्हणून भाड्याला सगळीकडे हीच असते, पण हवा मात्र भरपूर खाते. शिवाय तिला रेग्युलेटरमधून, म्हणजे टाकीच्या तोंडावर बसून दाब उतरवणाऱ्या भागातून, ८०० पीएसआयच्या आसपास दाब लागतो. टाकी त्याच्या खाली, म्हणजे साधारण ५५ बारच्या खाली गेली की गोळ्या वाटेतच पडायला लागतात. तेव्हा टाकीतली शेवटची ५५ बार तुमच्या कामाची नाहीत. २०७ बारच्या टाकीत हा भाग चौथ्या हिश्श्याहून थोडा जास्त होतो, ३१० च्या टाकीत पाचव्या हिश्श्याहूनही कमी. ४५०० चा खरा फायदा मला इथे दिसतो. पुढे कधी इलेक्ट्रॉनिक गन घेतलीत तर तिला कमी दाबाचा रेग्युलेटर चालतो आणि तळाची हवाही वापरता येते.

मग तुम्ही दिवसाला किती गोळ्या उडवता? इंटरनेटवरच्या सल्ल्याची मेख इथे आहे. तो सल्ला देणारे लोक स्पर्धेत खेळतात, कंबरेला १४० गोळ्यांचे चार-पाच डबे लावून मैदानात उतरतात आणि एकेका डावात पाचशे गोळ्या उडवतात. आपल्याकडे गोळी बाहेरून येते, महाग पडते, आणि ५०० ची एक पिशवी फोडली की माणूस ती दिवसभर पुरवतो. गनवरचा हॉपरच, म्हणजे वरचा गोळ्यांचा डबा, २०० गोळ्यांचा असतो. बहुतेक मंडळी तोही एका डावात रिकामा करत नाहीत. तुम्ही पिशवीभर गोळ्यांत दिवस काढणारे असाल तर ४८/३००० ला जेवणाच्या सुट्टीत एकदा हवा भरली की संध्याकाळ होते. पाचातला एखादा ट्रिगर-बहाद्दर असतोच, त्याचा विचार वेगळा करा.

तर माझं मत असं. मैदानावर २०० बारच मिळत असतील आणि तिथल्या तिथे भरून देत असतील, तर चौघांनी ४८/३००० घ्यावी. दुकानदार इथे बरोबर आहे, भले त्याचं कारण त्याच्याकडे तीच पडून आहे हे असेल. जवळ ३०० बारची सोय झाली, किंवा मैदानावर भरणीला रांग लागते म्हणून घरून भरून न्यायची असेल, तर ६८/४५००. ७७ तुमच्यापैकी कोणालाच नको. ६८ च्या पुढचा तो जादा आठवा हिस्सा टिपमनवर साधं खेळताना कोणाला जाणवणार नाही, लांबी आणि घेर मात्र पहिल्या डावात जाणवतात.

लांबीचं सांगायचं कारण, टाकी ही आपल्या गनचा दस्ता आहे. ती खांद्याला टेकते. दुकानात घ्यायच्या आधी गनला लावून, मुखवटा घालून उभे राहा आणि नेम धरून बघा. मुखवट्याशिवाय बघितलं तर काही कळत नाही, कारण खरी अडचण हनुवटी आणि हॉपर यांच्यामध्ये होते. साडेपाच फुटांच्या माणसाला टिपमनच्या मागे ७७ लावली की कोपर बाहेर येतं, आणि बाहेर आलेलं कोपर पहिलं रंगतं. वजनाचा हिशेब मात्र उलटा आहे. ॲल्युमिनियमची ४८ दिसायला छोटी पण सव्वा ते दीड किलोच्या दरम्यान भरते, कार्बनची ६८ आकाराने मोठी असून बहुधा तिच्यापेक्षा हलकी. कोणाचा खांदा किंवा मनगट दुखतं असेल तर तेवढ्या एका कारणासाठीही कार्बन घ्यायला माझी ना नाही.

पाचही जणांनी एकाच दाबाच्या टाक्या घ्याव्यात असा माझा आग्रह आहे. ३००० आणि ४५०० दोन्हींची भरायची निप्पल अगदी सारखी असते. ३०० बारच्या नळीला चुकून ३००० ची टाकी लागली तर नळी तुम्हाला अडवणार नाही. वेळेवर लक्षात आलं नाही तर जादा दाब सोडून देणारी सुरक्षा चकती फुटू शकते, ती फुटली नाही तर गोष्ट आणखी वाईट. मिश्र टाक्या घ्यायच्याच असतील तर ३००० वाल्यांच्या गळ्याला जाड लाल टेप गुंडाळा आणि भरणाऱ्याला प्रत्येक वेळी तोंडाने सांगा.

भरताना घाई करू देऊ नका. टाकीला हात लावून बघा. सावकाश भरली तर ती कोमट होते. तळहात ठेववत नसेल तर फार वेगाने चाललंय. गरम टाकीत काटा २०० दाखवतो आणि ती थंड झाली की १८० वर येतो, मग माणूस रेग्युलेटर गळतोय म्हणून माझ्याकडे येतो. नळी काढायच्या आधी तिच्यातली हवा सोडणारा छोटा स्क्रू फिरवायचा, फुस्स आवाज पूर्ण थांबेपर्यंत वाट बघायची, मगच जोड ओढायचा. निप्पलला तेल, ग्रीस, डब्ल्यूडी-४० यातलं काहीही लावायचं नाही. दाबलेल्या हवेत तेलाची वाफ पेटू शकते. गनला लागणारं तेल गनपुरतंच ठेवा. टाकी जिथे गनला बसते तिथली ओ-रिंग ०१५ मापाची असते. ती फाटली की सगळं मैदान ऐकेल एवढा आवाज करते, म्हणून चार-पाच जादा ओ-रिंग पाकिटात असू द्या.

टाकी गनमधून काढताना एक बघा: नेमकं काय फिरतंय? रेग्युलेटरसकट टाकी फिरली पाहिजे. रेग्युलेटर जागेवर आणि खालची बाटली फिरायला लागली तर तिथेच थांबा आणि जाणकाराला बोलवा. भरलेली बाटली रेग्युलेटरपासून सुटली की ती रॉकेटसारखी जाते, आणि अशाने परदेशात माणसं दगावलेली आहेत.

कोणी तुम्हाला कार्बन डायऑक्साइडची टाकी स्वस्त पडेल असं सांगेल. गन जुनी असल्याने ती चालेलही. पण या गॅसचा दाब तापमानावर नाचतो. २१ अंशांना तो ५९ बारच्या आसपास असतो, ३० अंशांना ७२. ३१ अंशांच्या वर तर तो द्रवरूपात राहतच नाही, मग दाब किती चढेल ते टाकी किती भरली आहे यावर. ठाण्यात ऑक्टोबरच्या उन्हात किंवा एप्रिल-मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली ३१ अंश सकाळी दहालाच होतात. वेग मोजायला गेलं की पहिली गोळी २६० फूट आणि पाचवी ३१० फूट प्रतिसेकंद, असला प्रकार. मर्यादा ३०० ची असताना मी तशी गन मैदानात सोडत नाही. हवेची टाकी उन्हात जराशी चढते, पण रेग्युलेटर तो चढ गिळून टाकतो. तरीही भरलेली टाकी दुपारभर बंद गाडीत ठेवू नका. २५ अंशांना २०० बारने भरलेली टाकी ६० अंशांच्या गाडीत २२० च्या वर जाते.

आपल्या दमट हवेचा मुद्दा बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. पावसाळ्यात कॉम्प्रेसर हवेबरोबर पाणीही ओढतो. फिल्टरमधली पाणी शोषणारी भरण लवकर संपते, आणि ती बदलली नाही तर तेच पाणी तुमच्या टाकीत जातं. ॲल्युमिनियमची टाकी आतून पांढरी पडते, रेग्युलेटरची बैठक खराब होते. म्हणून भरून देणाऱ्याला जुलैत जाऊन विचारा, फिल्टर कधी बदललात? तारीख लिहिलेली वही काढून दाखवणारा माणूस भेटला तर बार दहा कमी असले तरी त्याच्याकडेच भरा. टाकी कधी पूर्ण रिकामी करू नका, थोडा दाब ठेवूनच घरी ठेवा, म्हणजे बाहेरची दमट हवा आत शिरत नाही.

शेवटी कागदपत्रं, कारण तुम्ही जुनी टाकीही चालेल असं लिहिलंय. गॅस सिलिंडर नियम, २०१६ मध्ये ५०० मिलिलिटरपेक्षा मोठी बाटली सिलिंडर धरली जाते. ४८ ची टाकी ७८६ मिलिलिटरची, म्हणजे ती या नियमांत येते. १३ घन इंचाची छोटी येत नाही, पण तिच्यावर सव्वाशे-दीडशे गोळ्याच निघतात. बाहेरून सिलिंडर आणायला ‘पेसो’ची, म्हणजे स्फोटकं आणि दाबाच्या सिलिंडरांवर देखरेख करणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेची परवानगी लागते. त्यांचं पश्चिम विभागाचं कार्यालय आपल्या सीबीडी बेलापूरला सीजीओ संकुलात आहे. विकणाऱ्याकडे आयातीचा कागद नसेल तर भाव कितीही चांगला असो, पुढे चाचणी केंद्र ती टाकी हातात घ्यायला का-कू करणार.

जुन्या टाकीवर कोरलेलं वाचा. ॲल्युमिनियमवर ३एएल आणि ३००० असं असतं, शेजारी महिना आणि वर्ष. अमेरिकी खुणेच्या या टाक्यांची पाण्याच्या दाबाची चाचणी दर ५ वर्षांनी करावी लागते. कार्बनच्या बऱ्याच टाक्यांचं आयुष्य बनवल्या तारखेपासून १५ वर्षं, त्यापुढे चाचणीही होत नाही. म्हणजे २०१२ ची कार्बन टाकी ‘फक्त दोनदा वापरलीय’ म्हणून मिळत असेल तर ती स्वस्त नाही. वरचं रबरी कव्हर काढायला लावा आणि नखाने धाग्यांवरून फिरवून बघा. नख अडेल अशी चीर किंवा सुटलेला धागा दिसला तर तिथूनच परत फिरा. कव्हर काढायला नकार देणाऱ्याकडून घेऊच नका.

मैदानवाल्याने किती बार सांगितले ते इथे लिहा, आणि तुमच्यातला तो जास्त गोळ्या उडवणारा कोण तेही. त्याच्यासाठी ६८ घ्यायची की ४८ च्या दोन, हे त्या आकड्यावरून सांगता येईल.